आगीच्या भरवशावरचा महावृक्ष

1854 साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात काही माणसांनी एका जिवंत झाडाची साल सोलून काढली. बुंध्याभोवती परांची बांधून, जमिनीपासून जवळपास 35 मीटर उंचीपर्यंत. सालीचे ते तुकडे जहाजाने आधी न्यूयॉर्कला आणि मग लंडनला गेले. क्रिस्टल पॅलेसमध्ये ते पुन्हा जोडून उभे केले गेले आणि लोकांनी ते डोळे विस्फारून पाहिले. या झाडाचे नाव ‘मदर ऑफ द फॉरेस्ट’. साल गेल्यावर ते काही वर्षांतच मेले. 1908 मध्ये तिथे वणवा आला आणि उघडा पडलेला त्याचा सांगाडा बराचसा जळून गेला. त्या राईतले सालीसकट उभे असलेले कितीतरी सोबती मात्र आजही जिवंत आहेत.

ते झाड जायंट सिकोया होते. सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर, सुमारे 400 किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरलेल्या सत्तरएक राया, एवढेच या झाडाचे नैसर्गिक घर. त्यातला ‘जनरल शर्मन’ हा वृक्ष सुमारे 84 मीटर उंच आहे आणि खोडाच्या घनफळाचा विचार केला तर जगातले सर्वांत मोठे झाड मानला जातो. काही सिकोयांनी तीन हजारांहून जास्त पावसाळे पाहिले आहेत. इतकी वर्षे झाड टिकते कसे, याचे निम्मे उत्तर सालीत आहे आणि निम्मे शंकूत.

साल आधी पाहू. रंग तांबूस, खोल उभ्या पन्हाळी पडलेल्या, आणि स्पर्श चक्क मऊ. मूठ आपटली तर हाताला लागत नाही, कारण आत काथ्यासारखे धागेच धागे असतात आणि त्यांच्यात हवा कोंडलेली असते. जुन्या झाडाच्या बुंध्याशी ही साल 60 सेंटिमीटरपर्यंत जाड होते. पाइनच्या सालीत ज्वालाग्राही राळ असते, सिकोयाच्या सालीत ती जवळपास नसतेच. उलट टॅनिन भरपूर असते, त्यामुळे कीड आणि बुरशी सहसा दूर राहतात. जमिनीलगतची आग आली की साल बाहेरून कोळसते, पण आतल्या जिवंत थरापर्यंत उष्णता पोचत नाही. पोचलीच तरी झाड जखमेच्या कडांवरून नवे लाकूड वाढवत ती हळूहळू झाकत आणते. अशा झाकलेल्या जखमा वाढवलयांमध्ये मोजूनच संशोधकांनी या रायांचा आगीचा इतिहास वाचला आहे. शतकानुशतके इथे दर काही वर्षांनी, फार तर दोन-तीन दशकांनी आग येत होती. कधी विजेमुळे, कधी मोनो आणि योकुट्ससारख्या स्थानिक आदिवासींनी जाणूनबुजून लावलेली.

आता शंकू. सिकोया सूचीपर्णी असल्यामुळे त्याला फुले येत नाहीत. हिवाळ्याच्या शेवटी, खाली बर्फ असतानाच, नरशंकूंतून पराग उडतात आणि पुढे मादीशंकूंत बी धरते. एवढ्या प्रचंड झाडाचा शंकू जेमतेम पाच ते सात सेंटिमीटरचा. आत दोनशेच्या आसपास बिया, आणि त्या इतक्या हलक्या की दोनशे मिळून जेमतेम एक ग्रॅम भरतात. पण खरी गंमत पुढे आहे. बी तयार झाले तरी शंकू उघडत नाही. तो हिरवा, मिटलेला, फांदीला धरून राहतो, कधी कधी वीस वर्षेसुद्धा. खारी त्याचे खवले कुरतडतात, एका भुंगेऱ्याच्या अळ्या आतून पोखरतात, त्यामुळे थोडे बी वर्षभर गळत असते. परंतु खाली आग पेटली की गरम हवा शेंड्यापर्यंत चढते, शंकू सुकतात, उघडतात, आणि काही दिवसांत बियांचा पाऊस पडतो. खालचा पालापाचोळा जळलेला असतो, माती उघडी झालेली असते, सावली धरणारी लहान झाडे मेलेली असतात. कोवळ्या रोपाला नेमके हेच हवे असते, कारण पाचोळ्याच्या जाड थरात त्याचे मूळ मातीपर्यंत पोचतच नाही.

1890 मध्ये सिकोया राष्ट्रीय उद्यान झाले आणि झाडांना आगीपासून जपायचे ठरले. हेतू चांगला होता, पण परिणाम उलटा झाला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक रायांत नवी रोपे जवळपास दिसेनाशी झाली आणि खाली फरच्या झाडांची दाटी वाढली. साठच्या दशकात रिचर्ड हार्टसवेल्ट या संशोधकाने सिकोयाला आगीची गरज असते, हे दाखवून दिले आणि उद्यानात नियंत्रित आगी लावायला सुरुवात झाली. माझ्या मते वनसंवर्धनाच्या इतिहासातले हे सर्वांत धाडसी घूमजाव आहे. (सह्याद्रीतल्या वणव्यांचे समर्थन यातून कुणी काढू नये. आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसाने लावलेले असतात, आणि आपल्या सदाहरित झाडांकडे ना अशी साल आहे ना असा शंकू.)

नियंत्रित आगी मात्र पुरेशा झाल्या नाहीत. साठलेले सरपण, 2012 ते 2016 चा भीषण दुष्काळ आणि वाढते तापमान यांनी आगीचा स्वभावच बदलला. 2020 च्या कॅसल वणव्यात ज्वाळा फरच्या झाडांवरून चढत थेट सिकोयाच्या शेंड्यापर्यंत गेल्या. तिथे साल काय करणार? त्या एका वणव्यात जगातल्या मोठ्या सिकोयांपैकी 10 ते 14 टक्के झाडे मेली, असा उद्यानाचा अंदाज आहे. पुढच्याच वर्षी आणखी दोन-तीन हजार गेली. तेव्हा जनरल शर्मनच्या बुंध्याला अ‍ॅल्युमिनियमचे आगरोधक आवरण गुंडाळावे लागले. तो वाचला; त्याच्या राईत आधी अनेक वर्षे लावलेल्या नियंत्रित आगींचाही त्यात मोठा वाटा होता.

काही ठिकाणी आग इतकी तीव्र होती की झाडांबरोबर शंकूही जळाले आणि बी पेरायला कुणी उरले नाही. तिथे सिकोयाची रोपे हाताने लावायचा निर्णय उद्यानाने 2023 मध्ये घेतला.