सहकुटुंब शिबिराची तयारी : तंबू विजेपासून वाचवीत नाही

कर्नाटकातील म्हैसूर जिल्ह्यात, पिरियापट्टण तालुक्यात बेट्टदपुर हे गाव आहे. कन्नड भाषेत ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर. गावालगतच्या सुमारे १,३०० मीटर उंचीच्या डोंगरावर मल्लिकार्जुनाचे मंदिर असून तेथे पोहोचण्यासाठी सुमारे तीन हजार पायऱ्या चढाव्या लागतात. हा देव ‘सिडिलु मल्लिकार्जुन’ या नावाने ओळखला जातो. सिडिलु म्हणजे कोसळणारी वीज. उंच, एकाकी माथ्यावर वीज पडते, हे निरीक्षण देवाच्या नावातच नोंदले गेले आहे.

अशा ठिकाणी मुलाबाळांसह मुक्कामाला जाणाऱ्यांच्या यादीत तंबू, पांघरुणे, विजेरी, कोरडा खाऊ आणि औषधे असतात. आकाशाचा विचार मात्र बहुधा शेवटी होतो. शाळांची सुटी एप्रिल-मे महिन्यांत येते आणि वळवाचा पाऊसही त्याच सुमारास येतो. म्हैसूरकडे या दिवसांत आंबेसरी कोसळतात. महाराष्ट्रात काजवे पाहण्यासाठी भंडारदरा परिसरात मेअखेरीस आणि जूनच्या प्रारंभी गर्दी होते, तेव्हाही हीच स्थिती असते. सकाळी निरभ्र असलेले आकाश दुपारनंतर झपाट्याने भरून येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक व्यक्तींचा मृत्यू होतो. ११ जुलै २०२१ रोजी जयपूरनजीक आमेर येथे टेहळणी मनोऱ्यावर वीज पडून किमान ११ जण मरण पावले होते.

तंबू कितीही महाग असला तरी तो विजेपासून संरक्षण देत नाही. झाडाचा आडोसा तर अधिकच घातक, कारण झाडावर पडलेली वीज बुंध्यावरून जवळ उभ्या असलेल्या माणसाकडे उडी घेऊ शकते. जमिनीतून पसरणारा प्रवाहही जीवघेणा ठरतो. झाडाखाली गुरे एकाच वेळी दगावतात, त्याचे हेच कारण आहे. मोबाइलमुळे वीज ओढली जाते, हा समज मात्र निराधार आहे. पक्की इमारत किंवा धातूचे छत असलेली बंद मोटार हेच सुरक्षित आश्रय होत. म्हणून तंबूची जागा माथ्यावर, मोकळ्या माळावर किंवा पाण्याच्या काठाला न निवडता मोटारीपर्यंत काही मिनिटांत पोहोचता येईल अशी निवडावी. ओढ्याच्या पात्रात तर कधीही तंबू ठोकू नये.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप आसपास पडणाऱ्या विजेची सूचना देते. मात्र डोंगरात मोबाइलचे जाळे मिळेलच असे नाही. तेथे कानांवर भिस्त ठेवावी लागते. ध्वनीला एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यानंतर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून तंबू तत्काळ सोडावा. सामान आवरत बसू नये. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे होईपर्यंत परतू नये. मुलांना हा हिशेब घरीच खेळ म्हणून शिकवता येतो.

आश्रय अगदीच नसेल, तर सर्वांनी एकत्र न बिलगता अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे होऊ नये. हा अखेरचा उपाय असून त्यात पूर्ण सुरक्षितता नाही. वीज लागलेल्या व्यक्तीच्या शरीरात विद्युतभार शिल्लक राहत नाही, त्यामुळे तिला हात लावण्यास घाबरू नये. श्वास व नाडी थांबली असल्यास छातीवर दाब देण्यास लगेच प्रारंभ करावा आणि ११२ क्रमांकावर मदत मागवावी. हे तंत्र कुटुंबातील निदान एका प्रौढाने निघण्यापूर्वी शिकून घ्यावे.

बेट्टदपुरच्या तालुक्याला नागरहोळे राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य लागून आहे. तेथे हत्ती आणि वाघ असल्याने वनक्षेत्रात वन विभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. अरण्यालगत परवानगी असलेल्या जागीही केळी, ऊस किंवा गूळ तंबूत ठेवू नये. खाद्यपदार्थ घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून मोटारीत ठेवावेत.