जुन्या मोटरहोमचे ब्रेक: आधी बॅलन्स, मग अपग्रेड

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी आजच्या भागाचा हा मजकूर. विषय आहे जुन्या फियाट डुकाटोचे ब्रेक. युरोपातल्या कितीतरी मोटरहोम याच व्हॅनवर बांधलेल्या असतात.

आधी थोडं गणित करू. साडेतीन टनांची गाडी ताशी ८० किमीवरून थांबवायला ब्रेकना सुमारे ०.८६ मेगाज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. आता हीच गाडी इटलीतल्या स्टेल्व्हिओ घाटाच्या ४८ वळणांवरून खाली आणा. उंचीतला फरक जवळपास १८०० मीटर, म्हणजे ६२ मेगाज्यूल. ८० वरून सत्तर वेळा थांबवल्यासारखंच की! म्हणून उतारावर खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनलाही कामाला लावायचं.

आता बॅलन्स. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. तीच आधी लॉक झाली तर गाडीची शेपूट फिरते. म्हणून मागच्या ब्रेकचा दाब आवरायला एक व्हॉल्व्ह असतो. अनेक जुन्या डुकाटोंत तो एका दांडीने मागच्या ॲक्सलला जोडलेला असतो. माल भरला, बॉडी खाली बसली, की व्हॉल्व्ह मागे जास्त दाब सोडतो.

गंमत इथेच आहे. मोटरहोममध्ये पलंग, किचन, पाण्याची टाकी असं सगळं असतं, म्हणजे गाडी कायम भरलेलीच. मागून बॉडी बसते म्हणून मालक एअर सस्पेन्शन लावतात. बॉडी वर उचलली जाते आणि व्हॉल्व्हला वाटतं, गाडी रिकामी आहे! तो मागचा दाब कमी करतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि ते तापतात.

मग करायचं काय? क्रम महत्त्वाचा.

एक: ब्रेक ऑइल बदला. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा मुरल्यावर मानकानुसार किमान १५५. ते उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं.

दोन: रबरी होज बघा. जुना होज आतून फुगला की दाब परत येत नाही, ब्रेक धरून राहतो, गाडी एका बाजूला ओढते.

तीन: मागच्या ड्रममधले शू, सिलिंडर आणि ॲडजस्टर मोकळे आहेत का, ते तपासा.

चार: गाडी प्रवासाला निघते तेवढी भरा, रोलर टेस्टरवर चारही चाकांचा जोर मोजा, आणि व्हॉल्व्ह मॅन्युअलप्रमाणे मेकॅनिककडून सेट करून घ्या. अंदाजाने पिळायचा नाही.

भारी पॅड-डिस्कचा विचार यानंतर. फक्त पुढचे ब्रेक तगडे केले तर बॅलन्स आणखी बिघडू शकतो. आपल्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर, आधी बग काढा, मग फीचर टाका.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!