विनाचालक गाडी आणि आपण

सारसोळे गावातून जेट्टीकडे जायचे तर पाम बीच रस्ता आडवा येतो. भरधाव गाड्यांमधून तो ओलांडताना छाती धडधडते. उद्या या रस्त्यावर विनाचालक गाड्या धावल्या तर?

फायदा खरा आहे. यंत्राला झोप येत नाही, ते दारू पीत नाही. आपल्या वस्तीतले कितीतरी भाऊ रात्री टॅक्सी-टेम्पो चालवतात; डुलकीची भीती काय असते ते त्यांच्या घरच्यांना विचारा.

पण यंत्रही चुकते. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेंपी शहरात उबरच्या चाचणीतल्या अशा गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला उडवले, ती दगावली. यंत्राला ती काही सेकंद आधीच दिसली होती. पण कधी वाहन, कधी सायकल असे करत त्याने तिला माणूस म्हणून ओळखलेच नाही. खुणेच्या पट्ट्यांबाहेर कोणी पायी रस्ता ओलांडेल, हे त्याला शिकवलेच नव्हते. देखरेखीला बसवलेल्या बाईची नजर मोबाइलवर होती. आपल्याकडे तर हातगाडीवाल्यापासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे असेच मधून जातात!

शिवाय पोटाचा प्रश्न. चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही, असे नितीन गडकरी २०१७ मध्येच म्हणाले. आम्हाला ते पटते. मात्र चालक माणूसच राहणार, तर त्याची झोपही सांभाळायला हवी. जांभया येऊ लागल्या, डोळे जड झाले की गाडी सुरक्षित जागी बाजूला लावून पंधरा-वीस मिनिटे झोपा. काच उघडून किंवा गाणी मोठ्याने लावून झोप जात नाही.