विश्लेषण : मालकही तोच, चालकही तोच, टँकर उलटला तर जबाबदारी कुणाची?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळच्या कुणे पुलावर १३ जून २०२३ रोजी ज्वलनशील रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळता द्रव पुलाखालच्या रस्त्यावर सांडला आणि खालून जाणारेही त्यात सापडले. चौघांचा जीव गेला. अशा दुर्घटनेनंतर पहिला प्रश्न येतो तो चालकाचा. पण धोकादायक मालाच्या वाहतुकीत कायद्याने जबाबदारी तिघांत वाटली आहे. स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्याच्या वाट्याला यातल्या दोन जबाबदाऱ्या येतात.

नियम काय सांगतात?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील १२९ ते १३७ हे नियम या वाहतुकीला लागू होतात. माल पाठवणाऱ्या कंपनीने मालाची पूर्ण माहिती लेखी द्यायची. ती माहिती पुरेशी आणि अचूक आहे याची खात्री मालकाने करून घ्यायची, शिवाय गाडीत सुरक्षा साधनं आणि प्रथमोपचार पेटी ठेवायची. चालकाने ते माहितीपत्रक, म्हणजे 'ट्रेम कार्ड', केबिनमध्ये हाताशी ठेवायचं आणि आग, स्फोट किंवा गळती होऊ नये यासाठी काळजी घ्यायची.

मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत ही तपासणी करायला वेगळा माणूस असतो. कर्जाचे हप्ते फेडणारा एका गाडीचा मालक मात्र लोडिंगच्या रांगेतच कागद हातात घेतो. माहिती अपुरी वाटली तर भाडं नाकारायचा हक्क त्याला आहे, पण नाकारलेल्या फेरीचे पैसे त्याच्याच खिशातून जातात.

साधा परवाना चालतो का?

नाही. जड वाहनाच्या परवान्यासोबत धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते. चालकाला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी. पूर्वी ही मुदत एका वर्षाची होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती तीन वर्षांची झाली. नूतनीकरणाआधी एक दिवसाचं उजळणी प्रशिक्षण घ्यावं लागतं.

टँकरवरचे आकडे कशासाठी?

टँकरच्या बाजूंना आणि मागे माहितीची चौकट असते. त्यात मालाचं नाव, संयुक्त राष्ट्रांचा चार आकडी क्रमांक, धोक्याचं चिन्ह आणि आपत्कालीन फोन नंबर असतात. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे एलपीजी. पेट्रोलच्या टँकरवर '३ वायई' असा संकेतही दिसतो. यातला '३' अग्निशमन दलाला सांगतो की आग विझवायला फोम वापरा. 'वाय' म्हणजे श्वसनयंत्र लावा आणि सांडलेला द्रव गटारात जाऊ देऊ नका. 'ई' म्हणजे परिसर रिकामा करण्याचा विचार करा. माल बदलला आणि चौकट तीच राहिली, तर मदतीला आलेले जवानच धोक्यात येतात.

अर्धा किंवा रिकामा टँकर सुरक्षित असतो का?

समज तसा आहे, वस्तुस्थिती उलट आहे. अर्धवट भरलेल्या टँकरमध्ये द्रवाला हलायला जागा मिळते. ब्रेक लावला की तो पुढे धडकतो, वळणावर बाहेरच्या बाजूला झुकतो. टाकीतल्या आडव्या पडद्या पुढे-मागे होणारी हालचाल कमी करतात, बाजूची फारशी रोखत नाहीत. त्यामुळे घाटातल्या वळणावर वेग आधीच कमी करावा लागतो, वळणात शिरल्यावर नाही.

रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ उरते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असलं की एक ठिणगी पुरते. म्हणून पूर्ण साफ न केलेल्या टाकीवर वेल्डिंग करणं जिवावर बेतू शकतं.

एकट्या चालकाची अडचण काय?

गाडी उभी असतानाही ती चालकाच्या किंवा १८ वर्षांवरील सक्षम व्यक्तीच्या देखरेखीखाली हवी, जागाही सुरक्षित हवी, असं नियम सांगतो. सोबत क्लीनर नसेल तर जेवायचं कधी, अंघोळ कधी, झोपायचं कुठे? क्लीनर ठेवला तर त्याचा पगार भाड्यातून जातो. नियम पाळण्याचा हा खर्च भाडं ठरवताना क्वचितच धरला जातो.

विम्याचंही तसंच. सार्वजनिक दायित्व विमा कायदा १९९१ नुसार घातक पदार्थाच्या 'हाताळणी'त वाहतूकही येते. ही पॉलिसी कुणाच्या नावावर आहे, हे फेरी घेण्याआधीच विचारून घेतलेलं बरं.

अपघातानंतर काय?

चालकाने लगेच जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावं, असा नियम १३६ आहे. दुसरीकडे, अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये आली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये मनमाडजवळच्या पानेवाडीतील टँकरचालकांसह देशभरातले चालक संपावर गेले. थांबलो तर जमाव मारेल, ही त्यांची भीती होती. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, पण ही तरतूद स्थगित ठेवली गेली.

टँकरच्या बाबतीत ही भीती सगळ्यांनाच महागात पडते. आत काय आहे, किती आहे, झडप कुठे आहे, हे त्या क्षणी चालकालाच ठाऊक असतं. तो पळाला तर ती माहितीही जाते.

टँकर उलटलेला दिसला तर वाऱ्याच्या उलट दिशेला लांब जा. सांडलेलं इंधन भरायला डबे घेऊन धावू नका. पाकिस्तानात अहमदपूर शरकिया इथे २५ जून २०१७ रोजी असंच पेट्रोल गोळा करताना आग लागून दोनशेहून अधिक लोक गेले. लांबूनच ११२ वर फोन करा, चौकटीवरचा चार आकडी क्रमांक दिसत असेल तर तो सांगा. आणि चालक जिवंत असेल तर त्याच्यावर हात उचलू देऊ नका, त्याला बोलू द्या.