आपल्या गावाचा इतिहास कोणत्या कपाटात आहे?

मागच्या पावसाळ्यात आठवीच्या मुलांना मी निबंध लिहायला दिला. विषय अगदी सोपा होता : 'माझ्या गावाचा इतिहास'. वर्ग मराठी माध्यमाचा, मुले सतरा. बहुतेकांनी शिवाजी महाराजांवर लिहिले, दोघातिघांनी चारमिनारवर. एका मुलीने मात्र चारच ओळी लिहून वही पुढे केली. तिची पणजी लग्न होऊन आली तेव्हा गाव नांदेड जिल्ह्यात होते, पुढे ते आदिलाबादेत गेले आणि आता निर्मलात आहे. शेवटची ओळ होती : 'पणजी मात्र कुठेच गेली नाही.'

मी त्या वहीवर गुण मांडले नाहीत. वही तशीच घरी आणली आणि रात्री पुन्हा वाचली. तीस वर्षे मुलांना इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला ज्या प्रश्नाला हात घालता आला नाही, तो त्या पोरीने चार ओळींत मांडला होता.

एका घराची चार राज्ये

हिशेब करून पाहा. १९४० साली मुधोळात जन्मलेला माणूस निजामाच्या राज्यात जन्मला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर तो भारतातील हैदराबाद राज्याचा रहिवासी झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आंध्र प्रदेशाचा झाला आणि २ जून २०१४ पासून तेलंगणाचा. जिल्हा म्हणाल तर आधी नांदेड, मग आदिलाबाद आणि ११ ऑक्टोबर २०१६ पासून निर्मल. घराचा उंबरठा तोच, विहीर तीच, ओसरीतले दळण तेच.

यातला जिल्ह्याचा पहिला बदल ज्या कागदाने घडला, तो १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा. त्यात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्याला दिले. पण नांदेडच्या नावापुढे एक कंस आहे. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडळे त्या कंसात वगळलेली आहेत. आपण त्या कंसातली माणसे. त्याच कायद्याने आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ पलीकडे गेले. म्हणजे इकडून काही गेले, तिकडून काही आले. सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरीक तशीच राहिली. फक्त शाळेतली पुस्तके आणि कचेरीतली भाषा बदलली.

कपाटात काय आहे?

आमच्या गावच्या वाचनालय समितीने दोन वर्षांपूर्वी ठरवले की आपल्या भागावरची जेवढी पुस्तके मिळतील तेवढी एका कपाटात आणायची. समितीत आम्ही पाच जण : दोन शिक्षक, एक किराणा दुकानदार, एक शेतकरी आणि एक निवृत्त पोस्टमास्तर. पैसे थोडे होते, पण कपाट मिळाले. त्यात काय जमले आणि काय जमले नाही, हे वाचकांना सांगण्यासारखे आहे.

पहिला खण स्वातंत्र्यलढ्याचा. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आणि अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' ही पुस्तके घरोघरी असावीत अशीच आहेत. पण ती वाचताना एक गोष्ट मनाला लागते. या लढ्याची मराठी आठवण पुढे 'मराठवाड्याची' म्हणून सांगितली गेली आणि मराठवाडा म्हणजे ते पाच जिल्हे. लढ्याच्या वेळी मुधोळ, भैंसा त्याच नांदेड जिल्ह्यात होते. आठवण मात्र नव्या नकाशाप्रमाणे वाटली गेली. यात कोणाचा दोष काढायचा नाही. जो तो आपले घर आधी झाडतो.

दुसरा खण तेलुगू पुस्तकांचा. कोमरम भीम १९४० साली जोडेघाटात निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. जल, जंगल, जमीन हे शब्द आज साऱ्या देशात त्याच्या नावाशी जोडलेले आहेत. अल्लम राजय्या आणि साहू यांनी त्याच्यावर तेलुगूत कादंबरी लिहिली. आमची मुले तेलुगू बोलतात, काही चांगली वाचतातही. ही कादंबरी त्यांनी अवश्य वाचावी.

तिसरा खण इंग्रजीचा, आणि तोच सर्वांत भरलेला निघाला, याचे आम्हालाच आश्चर्य वाटले. भीमच्या उठावानंतर निजाम सरकारच्या काळात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन अभ्यासक या डोंगरांत आले आणि मार्लवाईला राहिले. 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हा त्यांचा ग्रंथ १९४८ चा. सेतुमाधवराव पगडी तर आपलेच, निलंग्याचे. हैदराबाद संस्थानचे अधिकारी म्हणून ते या जिल्ह्यात आले, गोंडी शिकले आणि १९४९ साली त्यांनी 'अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद' लिहिले. मराठी माणसाने आपल्या जिल्ह्यावर लिहिलेले पुस्तक, पण इंग्रजीत! त्यांचे 'जीवनसेतू' हे आत्मचरित्र मराठीत आहे, ते कपाटात आल्यापासून एक दिवसही जागेवर नसते.

चौथा खण 'आपल्या गावांवर मराठीत' असा लेबल लावून ठेवला होता. तो अजून रिकामा आहे.

प्रधानांची किकरी

काही मंडळी म्हणतात, मराठीपण टिकवायचे तर बाकीच्यांपासून अंतर राखले पाहिजे. या मंडळींनी प्रधानांकडे पाहावे. गोंडांच्या देवांच्या आणि कुळांच्या कथा पिढ्यान्पिढ्या सांगणारे भाट म्हणजे प्रधान. हातात किकरी घेऊन ते रात्र रात्र गोंडीत गातात. आणि आपल्या जिल्ह्यातल्या या प्रधानांची घरची बोली मराठी! घरात मराठी, देवापुढे गोंडी, बाजारात तेलुगू आणि कचेरीत एकेकाळी उर्दू. गोंडांचा अख्खा पुराणसंग्रह मराठी बोलणाऱ्यांनी मुखाने जपला, हे आमच्या मुलांना एकाही पाठात सापडत नाही.

दुसरी गोष्ट लिपीची. १९४३ च्या सुमारास मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडी मुलांसाठी जी पहिली वाचनपुस्तके तयार झाली, ती देवनागरीत. इथल्या लोकांना मराठीमुळे ती लिपी ओळखीची होती. पुढे तेलुगू शाळा आल्या आणि ती पुस्तके मागे पडली. पण आपली अक्षरे शेजाऱ्याच्या भाषेच्या कामी आली, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि ती भांडून मिळवलेली नाही.

तेव्हा आपला इतिहास लिहायचा तो कोणाच्या विरोधात नव्हे. सीमेपलीकडे किनवट-राजुऱ्यात तेलुगू आणि गोंडी बोलणारी माणसे आहेत. त्यांचेही असेच एक कपाट असेल आणि त्यातही एक खण रिकामा असेल.

माझी चूक

आता स्वतःबद्दल सांगतो. आमच्या गावात एक वृद्ध गृहस्थ होते. तरुणपणी पटवाऱ्याच्या हाताखाली लिहिणावळ करत. १९४८ ची पळापळ त्यांनी पाहिली होती आणि १९५६ साली कचेरीतले दप्तर कसे वेगळे काढले तेही. त्यांच्याकडे मोडीत लिहिलेल्या सहा-सात वह्या होत्या. "मास्तर, एकदा बसा, वाचून दाखवतो," असे ते मला किमान दहा वेळा म्हणाले. मी दर वेळी म्हणालो, परीक्षा होऊ द्या, निवडणुकीची ड्यूटी होऊ द्या, मुलीचे लग्न होऊ द्या. ते गेले. तेराव्यानंतर मी घरी गेलो तेव्हा सून म्हणाली, "गुरुजी, वाळवी लागली होती, पावसाळ्यात चुलीला घातल्या."

त्या बाईचा काय दोष? मोडी वाचणारे घरात कोणी नव्हते. त्या वह्यांची किंमत एकट्या मला ठाऊक होती आणि मीच आलो नव्हतो.

काय करता येईल

१९८४ साली पटेल-पटवारी पद्धत रद्द झाली. ती पदे सांभाळलेली माणसे आता मोजकीच उरली आहेत. १९५६ साली जाणती असणारी माणसे आज ऐंशीच्या पुढची आहेत. त्यामुळे हे काम पुढच्या पिढीवर टाकता येणार नाही. त्याला पदवी लागत नाही की अनुदान लागत नाही. समितीने एका गावासाठी पुढील यादी केली आहे.

एक : गावातल्या ऐंशीच्या वरच्या प्रत्येक माणसाशी एक तास बोलावे. मोबाईलवर आवाज घ्यावा. सुरुवातीला त्यांचे नाव, वय, गाव आणि त्या दिवसाची तारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावी.

दोन : बायांना आधी विचारावे. जात्यावरच्या ओव्या, माहेरचा रस्ता, दुष्काळात काय खाल्ले, हे पुरुषांना आठवत नाही.

तीन : शेतांची, नाल्यांची, माळांची नावे लिहावीत. नकाशा बदलला तरी शेताचे नाव बदलत नाही.

चार : जुन्या पहाण्या, लग्नपत्रिका, पत्रे, शाळेच्या दाखल्यांचे फोटो घ्यावेत. मूळ कागद घरातच राहू द्यावा. मोडी आणि उर्दू कागद फेकू नये. वाचता आला नाही तरी जपून ठेवावा.

पाच : जे ऐकले ते ऐकले म्हणून लिहावे, जे पाहिले ते पाहिले म्हणून. दोन माणसे दोन गोष्टी सांगत असतील तर दोन्ही लिहाव्यात. गावचा मोठेपणा वाढवण्यासाठी एकही ओळ घालू नये.

गावागणिक चाळीस पानांची वही झाली तरी पुरे. छापायचे नंतर पाहू. आमच्या आठवीच्या सतरा मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत कामाला सुरुवात केली. पहिली मुलाखत त्या मुलीने आपल्या पणजीचीच घेतली. म्हातारी दोन तास बोलली आणि शेवटी तिने विचारले, "हे तेलुगूत लिवनार का मराठीत?" मुलगी म्हणाली, "तू बोललीस तसंच."

बासरला वसंत पंचमीला आपल्याकडची मराठी आणि तेलुगू घरे एकाच रांगेत लेकरांना अक्षर शिकवायला उभी असतात. येत्या वसंत पंचमीपर्यंत निदान दहा गावांच्या वह्या त्या चौथ्या खणात याव्यात, एवढीच वाचकांना विनंती आहे. ज्यांच्या घरी मोडीच्या वह्या असतील त्यांनी नुसता निरोप पाठवावा. या वेळी परीक्षा असो की निवडणूक, मी येईन.