पोरगं जेवत नाही? आधी चहाची कपबशी बघा



गटाची बैठक झाली, बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या, की आमच्याकडं एक विषय हमखास निघतो. "आमचं पोरगं काय जेवतच नाही बघा." एकीनं म्हटलं की दुसरी म्हणते, "आमचं तरी कुठं जेवतंय!" ताट घेऊन मागं पळायचं, मोबाईल लावून द्यायचा, शेवटी एक धपाटा घालायचा. तरी ताट तसंच.

मागच्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकीच्या अडीच वर्षांच्या मुलाचं अंगणवाडीत वजन केलं. सलग तिसऱ्या महिन्यात काटा जागचा हलला नव्हता. त्या दिवशी ती बैठकीत रडली. मग आम्ही ठरवलं, लहान मूल असलेल्या प्रत्येकीनं एक दिवस मुलाच्या तोंडात काय काय गेलं ते लिहायचं. हिशोब ठेवायची सवय आपल्याला आहेच.

तिच्या वहीत असं निघालं. सकाळी सहाला चहा आणि बटर. नऊला आज्जीबरोबर पुन्हा चहा, त्यात बुडवलेली खारी. अकराला दुकानातला पाच रुपयांचा पुडा. एकला जेवण, दोन घास. चारला चहा-बिस्कीट. सहाला काकांनी आणलेला आणखी एक पुडा. आठला जेवण, "नको." आता सांगा, या पोराला भूक लागायला वेळ तरी मिळाला का? पोट एवढंसं, ते चहा-साखरेनंच भरलं. बाकीच्यांच्या वह्याही थोड्याफार फरकानं अशाच होत्या.

आणि गंमत बघा, त्या घरात दोन म्हशी. दूध दोन्ही वेळेला डेअरीत जायचं आणि पोराच्या वाट्याला चहा यायचा. आपल्या कोल्हापूर भागात हे घरोघरी दिसतं. दुधाच्या बिलावर घर चालतं, त्यामुळं दूध घालू नका असं आम्ही म्हणणार नाही. पण किटली भरायच्या आधी मुलाचा पेला बाजूला काढता येतो.

चहानं नुसती भूक मरत नाही. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतलं लोह अंगी लागायला चहातला तुरट अंश आड येतो. म्हणजे मुलानं जे थोडं खाल्लं, त्यातलंही वाया. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या १०० मुलांमागं जवळपास ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. याला कारणं पुष्कळ आहेत, पण चहा हे आपल्या हातातलं कारण आहे. लहान मुलाला चहा नकोच.

मग आम्ही काय केलं ते सांगतो.

पहिलं, वेळा ठरवल्या. तीन वेळा जेवण आणि मधे दोनदा थोडं खाणं. या मधल्या वेळेत पाणी सोडून काही नाही. भूक लागली की मूल आपणहून ताटाशी येतं.

दुसरं, चहाच्या जागी नाचणीची आंबील किंवा दुधातली खीर. नाचणी आपल्या चंदगड, राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरात पिकते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या विसाव्या भागाइतकंही नाही. मधल्या वेळेला केळं, पेरू, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू. अख्खे शेंगदाणे मात्र लहान मुलाला देऊ नका, घशात अडकतात.

तिसरं, आमटीत चटणी घालायच्या आधी मुलाची वाटी बाजूला काढायची. आपली कांदा-लसूण चटणी मोठ्यांच्या जिभेला बरी. "आमटी खात नाही" म्हणणारी दोन पोरं खरं तर तिखटाला घाबरत होती. त्या वाटीत भाकरी कुस्करा, वर लिंबू पिळा. लिंबानं लोह अंगी लागायला मदत होते.

चौथं, जबरदस्ती बंद. काय द्यायचं आणि केव्हा द्यायचं हे आपण ठरवायचं, किती खायचं ते मुलानं. नवी भाजी पहिल्या दिवशी थुंकली म्हणून सोडू नका. दहा-दहा वेळा समोर आल्यावर काही मुलं ती खायला लागतात. "भाजी खाल्लीस तर चॉकलेट" असंही म्हणू नका. त्यानं भाजी म्हणजे शिक्षा आणि चॉकलेट म्हणजे बक्षीस असं मुलाच्या मनात बसतं.

अवघड काय गेलं? पोरगं नव्हे, घरातली मोठी माणसं! सासूबाई म्हणाल्या, "आम्ही काय चहावर पोरं वाढवली नाहीत व्हय?" भांडून उपयोग नव्हता. आम्ही त्यांनाच पुढच्या बैठकीला बोलावलं, वही वाचून दाखवली आणि हिशोब मांडला. रोज दोन पुडे म्हणजे दहा रुपये, महिन्याला ३०० रुपये. गटात १०० रुपये बचत भरताना आपण दहादा विचार करतो. त्या ३०० रुपयांत नातवाला रोज एक अंडं मिळतं. हिशोब ऐकून त्या गप्प झाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून आंबील त्याच करायला लागल्या.

पहिला आठवडा रडारडीत गेला. मग पोरगं दुपारी अर्धी भाकरी खायला लागलं. दोन महिन्यांनी अंगणवाडीचा काटा सरकला. फार नाही, पण सरकला.

एवढं करूनही वजन वाढत नसेल तर घरी थांबू नका. पोटात जंत असतील, दुसरं काही दुखणं असेल. अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

आता तुमच्या गटाला एक काम. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या मुलाचं, नातवाचं एका दिवसाचं खाणं लिहून आणा. जिला लिहिता येत नाही तिचं शेजारणीनं लिहावं. बचतीच्या वहीशेजारी तीही वही उघडा. पोरगं का जेवत नाही, ते तिथंच कळेल.