चांदरातीचा फोटो: स्पष्ट आणि खरा

रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटला की सातपाटी, शिरगाव, केळव्याच्या किनाऱ्यांवर आणि बोईसरच्या गच्च्यांवर मोबाइल पश्चिमेकडे वळतात. शव्वालची कोर दिसली, तर दुसऱ्या दिवशी ईद. ही कोर सूर्यास्तानंतर थोडाच वेळ दिसते. म्हणून तयारी आधीच हवी.

चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. त्यामुळे डोळ्यांना ठसठशीत दिसणारी कोर फोटोत ठिपका होऊन जाते. खाऱ्या, दमट वाऱ्याने लेन्सवर थर बसतो, तो आधी मऊ कापडाने पुसावा. पडद्यावर कोरीवर बोट ठेवून फोकस साधावा आणि उजेड कमी करावा. फ्लॅश नकोच. फोन कठड्याला टेकवून दोन-तीन सेकंदांचा टायमर लावावा. डिजिटल झूम चित्र कापून मोठे करतो, इतकेच. त्यापेक्षा माडाचा शेंडा किंवा मिनार चौकटीत घ्यावा. तारापूर अणुवीज केंद्राकडे मात्र कॅमेरा वळवू नये, तो परिसर प्रतिबंधित आहे.

काही फोन चंद्र ओळखून तपशील स्वतःच भरतात. २०२३ मध्ये एकाने मुद्दाम धूसर केलेले चंद्राचे चित्र सॅमसंगच्या फोनने टिपले, तर मूळ चित्रात नसलेले खड्डेही फोटोत उमटले!

चांद दिसल्याचा निर्णय प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षीवर होतो. जुना फोटो ‘आजचा चांद’ म्हणून फिरला, तर एखाद्या घरातला शेवटचा रोजा हुकू शकतो. म्हणून फोटो पाठवताना सोबत तारीख, वेळ आणि गाव लिहावे. दुसऱ्याचा असेल, तर खात्रीशिवाय पुढे पाठवू नये.